भाऊसो कांबळ्यांचा चार्ज

दूध संघाच्या सर्व्हरवर तीनशे बारा माणसांची खाती होती आणि त्यातल्या तीनशे अकरा जणांना पासवर्ड म्हणजे उगाच मागं लावलेली कटकट वाटायची. कुणी तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला, कुणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. वाहतूक विभागात तर पाच जण मिळून एकच खातं वापरत. का, तर पाच माणसांनी पाच पासवर्ड ध्यानात ठेवायचे म्हणजे काय खायचं काम आहे?

हा सर्व्हर सांभाळायचं काम प्रीती कांबळेकडं होतं. संघाच्या कोल्हापुरातल्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात अंगावर शाल घेऊन ती बसायची. दोन वर्षांपूर्वी तिनं मोठ्या हौसेनं नियम घातले होते. दर नव्वद दिवसांनी प्रत्येकानं पासवर्ड बदलायचा, त्याआधी सात दिवस स्क्रीनवर सूचना येणार, आणि ओळीनं तीनदा पासवर्ड चुकला तर खातं कुलूपबंद, ते प्रीतीनं उघडेपर्यंत. नियम लागू झाले आणि फोन सुरू झाले. "मॅडम, ते बदला-बदला सारखं येतंय, तेवढं काढून टाका की!" साहेबांचे फोन, मग साहेबांच्या साहेबांचे फोन. प्रीतीनं एकेक नाव नव्वद दिवसांच्या नियमातून काढलं. काढता काढता नियम नुसता कागदावर उरला.

आणि आता ऑडिट आलं. प्रशासन अधिकारी अमरसिंह घोरपडे शुक्रवारी दुपारी तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज हळू असला तरी तो तिसऱ्या मजल्यावर जायचा.

"प्रीती, पुढच्या शनिवारी ऑडिटवाले येऊन बसणार हायत. नव्वद दिवसांचा नियम समद्यांना परत लाव. आणि जी माणसं रिटायर झाली, सोडून गेली, वर गेली, त्यांची खाती बंद. एक जरी मढं जित्तं दिसलं न्हवं, तर माझी इज्जत गेली म्हणून समज."

ते गेल्यावर प्रीतीनं यादी काढली. नाव, शेवटचं कधी आला, पासवर्ड शेवटचा कधी बदलला. बदलल्याच्या रकान्यात दोन-दोन वर्षांपूर्वीच्या तारखा होत्या. एका ओळीवर मात्र तिचं बोट थांबलं. या माणसानं पासवर्ड बारा दिवसांपूर्वी बदलला होता. त्याआधी नव्वद दिवसांनी, त्याआधीही नव्वद दिवसांनी. एकदाही चुकला नव्हता, एकदाही फोन करून सूट मागितली नव्हती. भाऊसो तुकाराम कांबळे, ऑपरेटर, चिलिंग सेंटर, चंदगड.

अख्ख्या संघात नियम पाळणारा एकच माणूस निघाला आणि त्याला जाऊन एकोणीस महिने झाले होते. तो प्रीतीचा बाप होता.

खरं सांगायचं तर त्या ओळीकडं तिनं एकोणीस महिने बघितलंच नव्हतं, मुद्दाम. त्यालाही कारण होतं.

चंदगडच्या सेंटरवर आसपासच्या गावांतलं दूध गोळा होतं, मोठ्या टाक्यांत थंड होतं आणि टँकरनं कोल्हापूरला येतं. टँकर सुटला की ऑपरेटरनं कॉम्प्युटरवर टाकीचं तापमान भरायचं. भाऊसो ते रोज दहा बावन्नला भरायचे. त्यांची बोटं जाडजूड, आणि डब्यांवरची लेबलं मोठ्या अक्षरांत टाइप करायची सवय, त्यामुळं कीबोर्डवरचं कॅप्स लॉक नेहमी चालू राहायचं. पहिल्यांदा पासवर्ड चुकायचा. मग ते त्या बटणावरच्या हिरव्या दिव्याकडं बघून स्वतःलाच एक शिवी द्यायचे, तो विझवायचे, आणि दुसऱ्यांदा बरोबर. दुसरे लोक खाती उसनी देत-घेत, भाऊसोंनी पासवर्ड पोटच्या पोरीलासुद्धा सांगितला नाही. "माझ्या बापाला अंगठा उठवाय लागायचा," ते म्हणायचे. "माझ्या नावाचं खातं म्हंजे माझी सही हाय. सही कोण उसनी देतंय व्हय?"

गेल्या वर्षी बारा फेब्रुवारीला त्यांचा पासवर्ड तीनदा चुकला. छातीत कळ आली असेल, हात थरथरला असेल, आता कोण सांगणार? खातं कुलूपबंद झालं. त्यांनी प्रीतीला फोन केला.

"प्रीती, खातं बंद पडलंय माझं. टँकर सुटला, एंट्री राहिलीया."

"अण्णा, मीटिंगमध्ये आहे. अर्ध्या तासात उघडते."

"बरं. उघड, मी बसतो हितंच."

अर्ध्या तासाचा तास झाला. ते बसूनच राहिले. बंद स्क्रीनसमोर, त्याच खुर्चीत. सव्वाबाराला चंदगडहून फोन आला. तो ठेवून प्रीतीनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर भाऊसोंचं खातं उघडलं. वेडेपणाच तो. आईला सांगायच्या आधी, डोळ्यात पाणी यायच्या आधी, तिनं कुलूप काढलं. नंतर आस्थापना विभागाचं पत्र आलं: सदर कर्मचाऱ्याचे निधन झाल्याने खाते बंद करावे. ते पत्र तिनं ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली सरकवलं. आपल्या हातानं ती एकदा बापाला बाहेर ठेवून चुकली होती. दुसऱ्यांदा तिचा हात होईना.

आता तिनं लॉग उघडला. कोण किती वाजता आलं, त्याची नोंद सर्व्हर आपसूक ठेवतो, तिला लॉग म्हणतात. तेरा फेब्रुवारीपासून रोज, एकही दिवस न चुकता, दहा बावन्न. पासवर्ड चुकला. दहा बावन्न. पासवर्ड बरोबर. एक चूक, एक बरोबर.

संध्याकाळी उचगावच्या घरी तिनं आईला, सोनूबाईंना, सगळं सांगितलं. वाटलं होतं आई घाबरेल. सोनूबाई भाकरी थापत राहिल्या.

"पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली, समदं रीतसर झालं," त्या म्हणाल्या. "तरी माझा जीव म्हणतोय, माणूस अजून ड्युटीवरच हाय. चार्ज कुठं दिलता त्येनं?"

चार्ज! प्रीतीला हसू आणि रडू एकदमच आलं. नोकरीतला माणूस बदलून जाताना मागून येणाऱ्या माणसाला चार्ज देतो. अमुक किल्ली, अमुक वस्तू, अमुक काम अर्धं राहिलेलं, अशी यादी, आणि खाली दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. बहुतेक जण अर्ध्या पानात उरकतात. भाऊसोंची तीनदा बदली झाली आणि तिन्ही वेळा त्यांची यादी सात-सात पानांची होती, फुटक्या बादलीसकट. भुताखेतांवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. प्रीती लहानपणी अंधारात घाबरली की म्हणायचे, "भूत नसतंय पोरी. कुणाचं तरी काम राहिलेलं असतंय."

शनिवारी पहाटेची एसटी धरून ती चंदगडला गेली. चमत्कार मानायच्या आधी चोर शोधावा, एवढं शिक्षण तिला बापानंच दिलं होतं. सेंटरचा नवा ऑपरेटर राजवीर भला माणूस होता, पण आयतं मिळालं तर नको न म्हणणारा.

"तापमानाची एंट्री? ती मी न्हाय करत मॅडम," तो म्हणाला. "मी आलो तवापास्नं आपोआपच भरलेली असतीया. मला वाटलं, कोल्हापुरास्नं तुम्हीच भरताय."

"आणि मला वाटत होतं तुम्ही भरताय," प्रीती म्हणाली. तेवढं खोटं ती बोलली, त्या नोंदींकडं तिनं कालपर्यंत बघितलंच नव्हतं.

टँकर सुटला. बाहेर बारीक पाऊस धरलेला, पण लख्ख उजेड होता. कॉम्प्युटरची खोली म्हणजे काचेची एक पेटीच, आत टेबल आणि ती खुर्ची. राजवीर स्वतः कधी त्या खुर्चीत बसत नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "गरम लागतीया." एवढंच म्हणाला आणि चहा आणायला निघून गेला.

प्रीती दारात स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. एक डोळा लॉगवर, एक डोळा आत. कीबोर्ड तिच्यापासून चार हातांवर होता. खोलीत कुणी नव्हतं, एक माशीसुद्धा नव्हती. दहा बावन्न झाले.

कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला.

लॉगमध्ये ओळ उमटली: पासवर्ड चुकला. मग तो दिवा, कुणीतरी वैतागून बटण दाबावं तसा, विझला. दुसरी ओळ: पासवर्ड बरोबर. टाकी नं. २, तापमान ४.१.

प्रीती ओरडली नाही. तिला भीती वाटली, पण त्या भीतीच्या खाली तिला एक भयंकर लाज वाटत होती. "अण्णा," ती हळूच म्हणाली, "मी उघडणार होते." खुर्चीला हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

दुपारी तिथूनच घोरपड्यांना फोन केला.

"भाऊसो? तुझा बा?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. "बघ पोरी, तुला जमत नसंल तर मी पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीच्या माणसाला सांगतो. त्यो एका मिनिटात उडवंल, एंट्र्यासकट."

"नको साहेब. कुणाला सांगू नका. शुक्रवारपर्यंत मुदत द्या, मीच करते."

"शुक्रवारच्या म्होरं एक दिवस न्हाय."

पासवर्डची मुदत संपते तेव्हा माणूस नवा पासवर्ड घालून पुढं चालू राहतो. खात्याची मुदत वेगळी. ती संपली की दारच राहत नाही. प्रीतीनं लॅपटॉपवर भाऊसोंच्या नावापुढं शुक्रवारची तारीख घातली. एका झटक्यात बंद करणं तिला शक्य होतं. पण एकदा न सांगता बंद झालं होतं, आता सांगून व्हावं. सूचना रोज स्क्रीनवर दिसेल अशी व्यवस्था तिनं केली: आपले खाते शुक्रवारी बंद होईल. खरं तर खाली 'माफ करा' लिहावं असं तिच्या फार मनात होतं. सर्व्हरच्या सूचनेत तसली जागा नसते.

रविवारी दहा बावन्नला एंट्री झाली. पण एकोणीस महिने रिकामा असलेला शेऱ्याचा रकाना भरलेला होता.

जनरेटरची जादा चावी टेस्टिंगच्या टेबलाखाली, उजव्या खिळ्यावर.

प्रीतीनं राजवीरला फोन लावला. त्यानं वाकून बघितलं. चावी होती, गंजलेली, कोळिष्टकात. "आयला," एवढंच तो बोलला.

सोमवारी: टाकी नं. २ चा काटा ०.४ जास्त दाखवतो. वजा करून लिहिणे. राजवीरनं हातातलं थर्मामीटर दुधात बुडवून ताडून पाहिलं. काटा खोटा होता. एकोणीस महिने त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, एंट्रीत मात्र रोज बरोबर आकडा होता.

मंगळवारी: चिलरचा सुटा बेल्ट लॉकर नं. ३ मध्ये. किल्ली सोनूबाईकडे.

सोनूबाईंनी कमरेचा जुडगा सोडला. त्यात एक बारकी पितळी किल्ली होती. नवऱ्याच्या पँटीच्या खिशात सापडलेली, कशाची ते माहीत नसताना जपून ठेवलेली. त्यांनी ती प्रीतीच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. "चार्ज देतोय त्यो," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या.

बुधवारी गटारीच्या जाळीचा शेरा आला, दर गुरुवारी जाळी काढून धुणे. प्रीतीची आता विचित्र अवस्था झाली होती. रात्री झोप नाही, आणि सकाळी दहा कधी वाजतात याची ओढ. दोन वर्षांत बापाशी इतकं बोलणं झालं नव्हतं. शुक्रवार नकोसा वाटायला लागला. एकदा तिनं मुदतीची तारीख पुसून 'कधीच नाही' करायला हातसुद्धा घातला. घातला आणि मागं घेतला. जन्मभर बापानं त्या खुर्चीतच बसावं का, रोज दहा बावन्नला, आपल्याला दोन ओळी वाचायला मिळाव्यात म्हणून? आपण एवढ्या स्वार्थी आहोत याचा तिला राग आला.

गुरुवारी शेरा रिकामा होता. तिला वाटलं, संपलं. मग सहज म्हणून तिनं जुन्या एंट्र्या बघितल्या. गेल्या वर्षीच्या बारा फेब्रुवारीची जागा, जी एकोणीस महिने मोकळी होती, ती भरली होती. तापमान ४.२.

शुक्रवारी ती कार्यालयात आली आणि लॉग उघडून बसली. घोरपडे दारातून एकदा डोकावून गेले. दहा बावन्नला दोन ओळी उमटल्या, रोजच्यासारख्या. तिनं शेऱ्याचा रकाना उघडला. कार्यालयीन भाषेत, सात पानांच्या यादीतल्या भाषेत, लिहिलं होतं:

दि. १२ फेब्रुवारी रोजी पासवर्ड तीनही वेळा माझ्याच हातून चुकला. खाते नियमानुसार बंद झाले. नियम योग्य आहे. दुसऱ्या कोणाचा दोष नाही. राहिलेली एंट्री पूर्ण केली आहे.

चार्ज देणार: भाऊसो तुकाराम कांबळे.

चार्ज घेणार:

पुढची जागा कोरी होती.

प्रीतीनं ते तीनदा वाचलं. मग टेबलावर डोकं ठेवून ती रडली, लहान पोरीसारखी हुंदके देऊन, शेजारच्या टेबलावरच्या अनुजानं पाण्याची बाटली पुढं सरकवेपर्यंत. एकोणीस महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला होता, आणि त्याची रीतसर नोंद केली होती. डोळे पुसून तिनं स्वतःच्या खात्यातून त्या कोऱ्या जागेत लिहिलं: प्रीती भाऊसो कांबळे.

त्या रात्री बाराला खातं बंद झालं. कुणी काही केलं नाही, तारीखच संपली.

शनिवारी ऑडिटवाले आले. यादी बघून खूश झाले. उरलेल्या सगळ्या खात्यांना पुन्हा नव्वद दिवसांची मुदत, गेलेल्या माणसांची खाती बंद, मढं एकही जित्तं नाही. घोरपड्यांनी त्यांना तांबड्या रश्श्याचं जेवण कबूल केलं. प्रीती आपल्या टेबलाशी घड्याळाकडं बघत बसली होती. दहा बावन्न झाले. लॉगमध्ये काहीच आलं नाही. त्रेपन्न झाले. पाटी कोरी.

तिला वाटलं होतं आपल्याला हलकं वाटेल. वाटलं ते एवढंच, की आता अण्णा खरंच गेले.

फोन वाजला. राजवीर होता. "मॅडम, आज एंट्री न्हाय झाली. टँकर सुटला की. मी भरू का?"

"उद्यापासून तुम्ही," प्रीती म्हणाली. "उद्या रीतसर चार्ज देते तुम्हाला, यादी करून. आजची माझी आहे. काटा काय दाखवतोय?"

"साडेचार. म्हंजे चार पॉइंट एक."

तिनं एंट्रीचं पान उघडलं, आपलं नाव घातलं आणि रोजच्या सवयीचा पासवर्ड टाइप केला. सहा वर्षांत पासवर्ड तिच्या हातून कधी चुकला नव्हता. स्क्रीन म्हणाली, पासवर्ड चुकला.

प्रीतीनं खाली बघितलं. तिच्या कीबोर्डवर कॅप्स लॉकचा हिरवा दिवा लागलेला होता. ते बटण तिनं दाबलं नव्हतं.

तिनं इकडंतिकडं बघितलं नाही. बोट उचललं, दिवा विझवला आणि अण्णा द्यायचे ती शिवी पुटपुटत पुन्हा पासवर्ड घातला. तापमान ४.१. लॉगमध्ये तिच्या नावापुढं दोन ओळी उमटल्या, एक चूक, एक बरोबर.